टाच लागली की थांबायचं

जगातली बहुतेक माणसं तोंड असेल त्या दिशेला चालतात. दोर वळणारी तेवढी उलटी चालतात, आणि त्यात त्यांना काहीही वावगं वाटत नाही. कमरेला तागाचा जाडजूड भारा गुंडाळायचा, त्याचं एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, कुणीतरी चाक फिरवायचं, आणि आपण बोटांतून ताग सोडत मागे मागे जात राहायचं. समोर सूत लांबत जातं. पाठीमागे काय आहे ते पाठीलाच ठाऊक.

ही गोष्ट शिडांच्या जहाजांच्या काळातली आहे. आगबोट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. बंदराच्या कडेला एक दोरखाना होता: रुंदीला बेताचा, पण लांबीला असा की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं नाही. वर कौलं, खाली चोपलेली जमीन, आणि भिंतीच्या कडेनं जमिनीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक लांबच लांब तुळई. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला तुळईलाच आडवी ठोकलेली जाड फळी. मागे चालत आलेल्या माणसाची टाच त्या फळीला लागली की थांबायचं. एवढाच काय तो कायदा, पण तो दोरखान्यात जन्मलेल्या मांजरालाही पाठ होता.

भिंगरी दोरखान्यात जन्मली नव्हती, पण फार काही बाकीही ठेवलं नव्हतं. तिची आई शेजारच्या खोलीत खिळ्यांच्या फणीवर ताग विंचरायची. बाप जहाजावर खलाशी. तो घरी आला की म्हणायचा, "माझा जीव तुझ्या आईनं विंचरलेल्या तागाला टांगलेला असतो, बरं का." लहानपणी भिंगरीनं हे शब्दशः घेतलं आणि दोर नीट वळला जातोय की नाही हे बघायला स्वतःच जाऊन बसली. मग चाक फिरवायला लागली. म्हणून तर ती भिंगरी. आता सतरा वर्षांची झाल्यावर ती स्वतः कमरेला ताग बांधून उलटी चालायची, आणि तिचं सूत बघून नाक मुरडायची इच्छा असलेल्यांनाही नाक मुरडायला जागा मिळत नसे.

पण चाकावर तिचा स्वतःचा आकडा नव्हता. प्रत्येक पक्क्या कामगाराचा आकडा ठरलेला असे, त्यावर त्याची खूण कोरलेली असे, आणि त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नसे. भिंगरी आज याच्या, उद्या त्याच्या, आजारी माणसाच्या आकड्यावर वळायची. दोरखान्यात बाईमाणसाला आकडा कधी मिळाला नव्हता. शेवटी मालकीणबाईंनी शब्द दिला होता: नव्या जहाजाच्या नांगराचा मोठा दोरखंड वळून झाला, की चाकावरचा एक आकडा भिंगरीचा.

आणि नेमका तो दोरखंड वळायच्या दिवशी सकाळी भोवरा नाहीसा झाला.

भोवरा म्हणजे पोरांचा खेळायचा नव्हे. भोपळ्याएवढा लाकडाचा गोळा, एका बाजूला निमुळता, अंगावर तीन खोल खाचा. तीन जाड पेड त्या तीन खाचांतून येतात आणि भोवऱ्याच्या टोकाशी एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा कुठे दोरखंड होतो. भोवरा धरणारा माणूस चुकला तर दोर सैल पडतो, आणि सैल दोरावरचं जहाज वादळात कुठे जातं हे सांगायला कुणी परत येत नाही. हा भोवरा कितीक पिढ्यांच्या हातांतून गेला होता. त्याच्या खाचा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. नवा करायला लाकूडच आधी वर्षभर वाळवायला हवं.

"चोरी!" मालकीणबाई कोठाराच्या दारात उभ्या राहून ओरडल्या. त्या नवऱ्यामागे एकट्यानं दोरखाना चालवत. आवाज असा की बंदरातली होडी वळावी. मनानं वाईट नव्हत्या. फक्त एखाद्या गोष्टीचा छडा लावायला बसल्या की पहिल्याच छड्यावर त्यांचा जीव जडायचा.

कोठाराची जमीन आदल्या संध्याकाळीच ओल्या चिकणमातीनं सारवून गुळगुळीत केली होती. तिच्यावर पावलांची एकच रांग उमटली होती. दारापासून निघालेली, चवडे आतल्या बाजूला, थेट भोवऱ्याच्या फळीखाली रचलेल्या तागाच्या गासड्यांपर्यंत. परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

"आत गेला, पण बाहेर आला नाही," बाई म्हणाल्या. "मग गेला कुठून? वरून!" त्यांनी फळीवरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. "आणि त्या झरोक्यातून जाईल असं या दोरखान्यात एकच माणूस आहे."

सगळ्यांच्या माना भिंगरीकडे वळल्या. मागच्या वर्षी कोठाराची कडी अडकली आणि मांजर आत राहिलं, तेव्हा त्याच झरोक्यातून ती आत शिरली होती. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. असं असतं, आज ज्या गुणासाठी टाळ्या, उद्या त्याच गुणासाठी बेड्या.

"मी कशाला भोवरा नेऊ, बाई? भोवरा गेला तर दोरखंड नाही, दोरखंड नाही तर मला आकडा नाही. मी काय स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार?"

"पायावरनं आठवलं," मिशाळमामा म्हणाले. मिशाळमामा म्हणजे दोरखान्यातले दुसऱ्या नंबरचे कारागीर. मिशा एवढ्या की सूत वळताना चुकून त्याही वळल्या जातील अशी भीती वाटे. पोरीनं आकडा मागावा हे त्यांच्या घशाखाली कधीच उतरलं नव्हतं. "तिचा जोडा त्या ठशाला लावून बघा की."

दोरखान्यात सगळ्यांच्या पायांत दोरीच्याच तळव्याचे जोडे, त्यामुळे ठसा पाहून कुणाचा ते सांगता येत नसे. मापच काय ते लावून बघायचं. भिंगरीनं जोडा काढून दिला. बाईंनी तो पहिल्या ठशावर ठेवला. तंतोतंत बसला.

"तिचे पाय तर एवढे मोठे नाहीत!" दारामागून आई कळवळून म्हणाली.

"पाय नाहीत, जोडे आहेत," मिशाळमामा म्हणाले. आणि ते खरंच होतं. भिंगरीचे जोडे दुसऱ्याचे जुने होते, पुढे चिंध्या कोंबून घातलेले.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना पोरगी आवडत होती, पण तर्क त्याहून जास्त आवडत होता. "दुपारी भरती आली की जहाजाचे कप्तान येणार दोरखंड वळताना बघायला. तोपर्यंत भोवरा परत आला तर ठीक. नाहीतर भिंगरी, या दोरखान्यात तुझं काम संपलं. आकडा तर विसरूनच जा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि पीळकाकांना यातलं कुणी काही सांगू नका. त्यांना आधीच कणकण आली म्हणून निरोप आहे. भोवरा गेला हे ऐकून म्हातारा हाय खाईल."

पीळकाका दोरखान्यातले पहिल्या नंबरचे. भोवरा धरायचा मान त्यांचा. दोराला पीळ आणि स्वभावालाही पीळ, म्हणून हे नाव. भिंगरीला चाकावर बसवणारे, तिच्या हातात पहिला ताग देणारे, आणि तिचं पहिलं सूत "हे मांजराला खेळायला दे" म्हणून फेकून देणारे तेच.

दुसरी एखादी असती तर रडत घरी गेली असती. भिंगरी गुडघ्यावर बसली आणि ठसे बघायला लागली.

बघता बघता तिच्या कपाळावरची आठी सुटली, आणि ओठाचा एक कोपरा वर गेला.

"मामा," ती गोडीत म्हणाली, "ती तागाची गासडी जरा त्या खांबापाशी न्याल का? मला वाटेत येतेय."

"मी काय तुझा नोकर आहे?" असं म्हणत मिशाळमामांनी गासडी उचलली, पोटाशी धरली आणि खांबाकडे निघाले. उलटे. ठुमकत ठुमकत, पाठीमागे न बघता, मागे मागे. खांबाला पाठ लागल्यावर ते थांबले आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत ते त्यांना कळेना.

"काय झालं?"

"मामा, तुम्ही उलटे गेलात."

"मग? कसा जाऊ?" मामा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मिशांच्या आत ते लाल झाले. "सवय आहे! पोटाशी ओझं आलं की पाय आपोआप..."

"तेच म्हणते मी!" भिंगरी टुणकन उठली. "बाई, हे ठसे बघा. सरळ चालणाऱ्याची टाच आधी टेकते, तिथे खड्डा पडतो. इथे चवडे रुतलेत आणि टाचा नुसत्या टेकल्यात. हा माणूस दारातून आत गेलेलाच नाही. आतून बाहेर आलाय, उलटा! माती सारवली तेव्हा तो आधीच आत होता, गासड्यांच्या मागे. मग भोवरा पोटाशी धरला आणि पायांनी नेहमीची वाट धरली. झरोक्याचा काही संबंधच नाही."

माती सारवणारा डांबऱ्या डोकं खाजवत म्हणाला, "मी सारवलं तेव्हा आत कुणी नव्हतं. म्हणजे... गासड्यांच्या मागे मी बघितलं नाही."

मालकीणबाईंना एवढं हसू आलं की त्यांना दाराला धरावं लागलं. त्यांनी एकेकाच्या हातात गासडी दिली. एकेक कारागीर गासडी पोटाशी धरून खेकड्यासारखा मागे सरकला. एकानं दुसऱ्याला धडक दिली. विंचरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी बाईंनी गासडी भिंगरीच्या हातात दिली. भिंगरी सरळ चालायचं ठरवून निघाली आणि दोन पावलं पुढे टाकताच तिसरं मागे पडलं.

"झालं!" मिशाळमामा गरजले. "हीसुद्धा उलटीच चालते. जोडा हिचाच बसतो. वर हिच्याच उलट्या बोंबा!"

हसणं थांबलं. मामांचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. चोर उलटा चालला हे ठरलं. तो भिंगरी नव्हे हे कुठे ठरलं होतं?

"मग दुसरं कोण, ते सांग," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता आशा होती. "सांग, पोरी."

भिंगरी पुन्हा वाकली. या वेळी तिची नजर ठशांच्या शेवटाला, म्हणजे दाराशी गेली. लाकडी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला चिकणमातीचे दोन वाळके डाग होते. टाचेचे. एकावर एक, अर्धे एकमेकांवर चढलेले. कुणीतरी मागे चालत आलं होतं, टाच लाकडाला लागली होती, आणि त्या माणसानं टाचेनं लाकडावर दोनदा ठोकलं होतं.

टक टक.

दोरखान्याच्या शेवटच्या फळीला टाच लागली की प्रत्येक जण चाकवालीला आपापला इशारा देई. कुणी शीळ घाली. मिशाळमामा खाकरत. फक्त एकच माणूस टाचेनं दोनदा ठोकायचा. ते ठोकणं तुळईतून सरकत चाकापर्यंत यायचं, आणि चाकाशी बसलेल्या लहानग्या भिंगरीला ते कानांआधी तळपायांना कळायचं. झोपेतसुद्धा तिनं ते ओळखलं असतं. आणि तिच्या पायांतले हे जुने जोडे तरी कुणाचे होते? ज्यानं तिला दिले त्याचेच. माप बसणारच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

भिंगरीच्या जिभेवर नाव होतं. एक नाव, आणि तिचा आकडा, तिचं काम, तिच्या आईची खाली गेलेली मान, सगळं जागच्या जागी आलं असतं. त्या वेळी तिला पीळकाकांचा खूप राग आला. आणि त्याहून जास्त त्यांची दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला.

ती उठली, आणि उठता उठता पाय उंबऱ्यावरून असा फिरवला की मातीचे दोन्ही डाग पुसले गेले.

"काही नाही. मला भरतीपर्यंत वेळ दिलाय ना तुम्ही? मग भरतीपर्यंत विचारू नका."

पीळकाका पिंपं करणाऱ्याच्या दुकानावर, एका खोलीत राहायचे. खाली दिवसभर पिंपांवर कड्या ठोकल्या जायच्या, पण त्यांना त्या ठोकठोकीशिवाय झोप येत नसे. भिंगरी जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढली आणि दार न वाजवताच आत गेली.

काका भिंतीला टेकून खाटेवर बसले होते. अंगावर गळ्यापर्यंत पांघरूण. पोट भोपळ्याएवढं वर आलेलं.

"अंगात कणकण आहे," काका घाईनं म्हणाले.

"पोटात सूज पण आलीय वाटतं."

काकांनी पांघरूण आणखी वर ओढलं. भिंगरी खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"मला काढून टाकलंय, काका."

"काय? कुणी?"

"बाईंनी. भोवरा चोरला म्हणून. तुमचा जोडा ठशाला बसला, आणि तो जोडा माझ्या पायात होता. भरतीपर्यंत भोवरा आला नाही तर घरी."

काका ताडकन सरळ बसले. "तुला? चोर? त्या बाईच्या डोक्यात काय ताग भरलाय? आणि तो मिश्या, तो काय करत होता?"

"तो जोडे मोजत होता."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! चल, मी आत्ताच्या आत्ता येऊन सांगतो, त्या पोरीनं कधी तागाची काडीसुद्धा..." बोलता बोलता पांघरूण घसरलं. मांडीवरचा भोवरा उघडा पडला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याच्या खाचा चमकत होत्या.

दोघांनीही त्याच्याकडे बघितलं. खाली पिंपवाल्यानं एक कडी ठोकली.

"मी चोरायला गेलो नव्हतो गं," काका अखेर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान भिंगरीनं कधी ऐकला नव्हता. "आज दोरखंड झाला की भोवरा मिशाळच्या हातात द्यायचा. बाई म्हणाल्या, आता आराम करा. गुडघे दुखतात म्हणालो होतो एकदा, तेच पकडून बसल्या. म्हटलं, शेवटचं एकदा जवळ घेऊन बसावं. गासड्यांच्या मागे बसलो. तेवढ्यात डांबऱ्या आला माती सारवायला. आणि मी..." ते खिडकीकडे बघू लागले. "रडत होतो. आता डांबऱ्यासमोर रडू? त्यानं गावभर केलं असतं. गप्प बसलो. तो गेल्यावर उठलो, आणि रस्त्यात आल्यावर बघतो तर भोवरा पोटाशीच. परत ठेवायला जावं तर पाय वळेनात. घरी घेऊन आलो. बंदराच्या पहारेकऱ्यानं विचारलंसुद्धा नाही. मला कोण विचारणार?"

"आणि रस्त्यातसुद्धा उलटेच आलात?"

काकांनी कपाळावर हात मारला. "तरीच लोक बघत होते."

भिंगरीला हसू फुटलं. तिनं ते दाबलं, कारण तिला अजून रागवायचं होतं. "काका, तुम्ही घरी बसून काय करणार होतात याला घेऊन? पेज ढवळणार होतात?"

"काय करणार? घरी बसून सरळ चालणाऱ्या माणसांकडे खिडकीतून बघणार. दुसरं काय येतं मला?" मग त्यांनी भोवरा तिच्याकडे सरकवला. "घेऊन जा. गुपचूप फळीवर ठेव. कुणाला कळणार नाही."

"सगळ्यांना कळेल. कळेल की चोर भिंगरी, आणि घाबरून परत आणून ठेवला."

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "मग तिथेच का नाही सांगितलंस? वाचली असतीस."

"कारण ते तुम्ही सांगायचं आहे," भिंगरी म्हणाली. "मी सांगितलं असतं तर तुम्ही चोर झाला असता. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही पीळकाकाच राहाल. आणि खरं सांगू? मला तुमचा खूप राग आलाय. उठा आता."

"लाज वाटते गं."

"वाटू दे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंय. दाखवा की मग पीळ."

काका उठले. भोवरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला, दाराकडे जायला निघाले, आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटले.

या वेळी भिंगरीनं हसू दाबलं नाही. काकांनी आधी डोळे वटारले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला त्यांना हात मोकळा मिळेना.

रस्त्यात काका उलटे चालत होते, आणि भिंगरी त्यांच्या पाठीशी राहून वाट सांगत होती. "डावीकडे. पायरी आहे. आता कुत्रं आहे, थांबा, गेलं." न्हाव्यानं वस्तरा थांबवून बघितलं. मासळीवालीनं विचारलं, "काका, विसरलात काय मागे?" काका म्हणाले, "विसरलो होतो, आता परत द्यायला चाललोय." भोवरा त्यांनी लपवला नाही.

पाणी चढायला लागलं होतं. कप्तान आले होते, आणि मालकीणबाई त्यांना काय सांगावं या विचारानं दोरखान्याची कौलं मोजत होत्या. तेवढ्यात दारातून पाठ आत आली. मागोमाग पीळकाका आले. भोवरा पोटाशी. सगळे कारागीर बाजूला झाले आणि काका दोरखान्याच्या पूर्ण लांबीतून मागे मागे चालत गेले. शेवटच्या फळीला टाच लागली. सवयीनं त्यांनी ठोकलं.

टक टक.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पायांकडे बघितलं.

"मीच नेला," काका मोठ्यानं म्हणाले. "पोरीला माहीत होतं आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्यात जेवढी लाज शिल्लक आहे तेवढी मी इथे सगळ्यांसमोर ठेवतोय. आता काय ती शिक्षा करा."

मालकीणबाई भिंगरीकडे गेल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "मी चुकले. माझ्या तर्कापेक्षा तुझी जीभ शहाणी निघाली, गप्प बसली ती. दोरखंड झाला की आकडा तुझाच." मग काकांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा होडी वळवण्याएवढा झाला. "आणि तुम्ही! नुसतं म्हणाला असतात, बाई, मला घरी बसायचं नाही, तर मी काय तुम्हाला गिळलं असतं? कणकण म्हणे! शिक्षा अशी की आधी हा दोरखंड वळायचा. गुडघे दुखले तरी वळायचा. कप्तान उभे आहेत."

त्या दिवशी सगळ्यांनी हात लावला. डांबऱ्यासुद्धा पेड धरून उभा राहिला. चाक जड होतं, त्यावर विंचरण्याच्या खोलीतल्या बायका बसल्या आणि सगळ्यांत पुढे भिंगरीची आई. तीन पेड ताणले गेले, भोवऱ्याच्या खाचांत बसले, चाक करकरलं, आणि भोवऱ्याच्या टोकाशी दोरखंड जन्माला यायला लागला. मांडीएवढा जाड, घट्ट, तागाचा वास मारणारा. काका भोवरा धरून मागे मागे चालत होते. भिंगरी त्यांच्या शेजारून.

अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर काका थांबले नाहीत, फक्त सरकले. "धर."

"मी?"

"नाही, मांजर. धर म्हणतो ना!"

तिनं धरला. तीन पेडांचा जोर तिच्या दंडांत, खांद्यांत, पाठीत उतरला. भोवरा जिवंत असल्यासारखा हिसके देत होता. मिशाळमामांची मिशी थरथरली. "म्हणजे भोवरा हिला देताय?"

"देतोय कोण?" काका म्हणाले. "शिकवतोय. शिकवायला वर्षं लागतात. तोपर्यंत मला रोज यावंच लागणार, काय बाई?" आणि त्यांनी मालकीणबाईंकडे असं बघितलं की बाईंना कप्तानांकडे तोंड फिरवून हसावं लागलं. "आणि तूही ये शिकायला, मिशाळ. तुझं खाकरणं फार सैल आहे."

मामा काहीतरी पुटपुटले, पण पुढे होऊन त्यांनी भिंगरीच्या बाजूचा पेड नीट सावरून धरला. घट्ट, जसा धरायला हवा तसा.

"मागे बघू नकोस," काका म्हणाले. "पाठीवर भरवसा ठेव."

भिंगरीनं मागे बघितलं नाही. तिच्यासमोर दोरखंड लांबत होता, ज्याच्यावर उद्या एक जहाज आणि त्यातली तिच्या बापासारखी माणसं टांगलेली असणार होती. हात दुखत होते. ती मागे मागे जात राहिली, आणि एका क्षणी तिच्या टाचेला लाकूड लागलं.

तिनं विचार केला नाही. पायानं स्वतःच ठोकलं.

टक टक.

तुळईतून तो आवाज दोरखान्याच्या लांबीभर सरकत गेला. पार त्या टोकाला, चाकाशी बसलेल्या तिच्या आईनं मान वर केली, तळपाय जमिनीवर घट्ट रोवले, आणि चाक थांबवलं.